नळाचा थेंब आणि श्रावकाचा विवेक

जैन गृहस्थाच्या स्वयंपाकघरात पाण्याला फार मोठा मान आहे. दुहेरी घडीचे स्वच्छ गाळणे, गाळण्यावर राहिलेल्या जीवांना सांभाळून पुन्हा मूळ जलाशयात पोचविण्याची जिवाणीची रीत, उकळलेल्या पाण्याची कालमर्यादा, हे सारे संस्कार घरोघरच्या श्राविकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहेत. त्याच घरातील न्हाणीघरात मात्र एखादा नळ महिनोन्‌महिने ठिबकत असतो आणि त्या आवाजाची सर्वांनाच सवय झालेली असते. पाणी गाळताना दाखविलेली दक्षता न्हाणीघराच्या उंबरठ्यापाशी का थांबावी, याचा विचार प्रत्येक घराने करावयास हवा.

पाणी हे केवळ जीवांचे आश्रयस्थान नव्हे; ते स्वतःच अप्काय जीवांचा पिंड आहे, अशी आपली धारणा आहे. गृहस्थाला पाण्यावाचून राहता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी मर्यादेचा मार्ग सांगितला आहे. दररोज धारण करावयाच्या चौदा नियमांत स्नानाचाही नियम आहे तो याचसाठी. परंतु ज्या हिंसेने कोणाचेच प्रयोजन साधत नाही, ती अनर्थदंड होय. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील एक प्रमादचर्या हा आहे. निष्कारण भूमी खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे ही त्याची उदाहरणे. श्वेतांबर परंपरेतही प्रमादाचरणाची गणना अनर्थदंडातच होते. स्नानाच्या पाण्याने देह स्वच्छ होतो, धुण्याच्या पाण्याने वस्त्र. ठिबकणाऱ्या थेंबाने काय होते? तो कोणाची तहान भागवीत नाही. शिवाय हा नळ गरम पाण्याचा असेल, तर अप्कायाबरोबर तेउकायाचीही विराधना अकारण घडते.

एका निवृत्त धान्यव्यापाऱ्याच्या घरची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. दिवाळीच्या सुमारास न्हाणीघरातील नळ गळू लागला. सूनबाईंनी ते दोन-तीनदा सांगितले. परंतु हंगामाच्या गर्दीत दुकानातील पुरुषांना सवड नव्हती आणि एवढ्याशा कामासाठी येण्यास कारागीरही उत्सुक नव्हता. महावीर जयंतीच्या आदल्या दिवशी त्या वृद्ध गृहस्थांनी नळाखाली एक वाटी ठेवली. तासाभरात सुमारे 150 मिलीलिटर पाणी साठले. आयुष्यभर वह्या लिहिलेल्या माणसाला पुढचा हिशेब कठीण नव्हता. दिवसाला 3.6 लिटर आणि पाच महिन्यांच्या 150 दिवसांचे 540 लिटर. ते स्वतः नियम घेऊन 15 लिटरांच्या एकाच बादलीत स्नान करीत. म्हणजे त्यांच्या 36 दिवसांच्या स्नानाचे पाणी घराने गटारात सोडले होते. नियम त्यांनी पाळला होता. घराने पाळला नव्हता.

त्याच संध्याकाळी ते हार्डवेअरच्या दुकानातून वायसर आणि टेफ्लॉन टेप घेऊन आले. पाना सूनबाईंनी हाती घेतला. “बाबूजी, आधी कॉक बंद करा,” असे म्हणून त्यांनी नळाचा वरचा भाग उलटा फिरवून मोकळा केला. आतली रबरी चकती झिजून तिच्यावर खोल वळ उमटला होता. अर्ध्या तासात नळ कोरडा झाला. अवघ्या काही रुपयांची ती चकती होती.

हे काम कोणालाही शिकता येईल असे आहे. प्रथम नळाचा अँगल कॉक, आणि तो नसल्यास गच्चीवरील टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा. मग नळ उघडून नळीत अडकलेले पाणी बादलीत काढून घ्यावे, म्हणजे ते वाया जात नाही. मोरीच्या जाळीवर फडके टाकावे, नाहीतर लहानसा स्क्रू कायमचा हरवतो. पाना लावताना मध्ये कापड धरल्यास नळाची चकाकी टिकते. जुन्या पद्धतीच्या, अनेक फेरे फिरणाऱ्या नळात वायसर बदलतो. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात सिरॅमिक चकत्यांचे संपूर्ण स्पिंडलच बदलावे लागते. दोन्ही प्रसंगी जुना भाग दुकानात नमुना म्हणून न्यावा. संपूर्ण नळ बदलायचा असेल, तर आट्यांवरील जुनी टेप स्वच्छ करून नवी टेप आट्यांच्या फिरण्याच्या दिशेने घट्ट गुंडाळावी. उलट गुंडाळल्यास नळ बसविताना ती उसवते. अतिजोर मात्र करू नये, कारण आटे गेले की दुरुस्तीचे रूपांतर मोठ्या खर्चात होते.

काही गळती आवाज न करता होते. फ्लश टाकीत थोडे हळदीचे पाणी मिसळून अर्धा तास फ्लश वापरू नये. भांड्यात पिवळसर रंग उतरला, तर टाकीतील रबरी सील झिजले आहे असे समजावे. रात्री सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरवरील आकडा लिहून ठेवावा आणि पहाटे कोणी पाणी वापरण्यापूर्वी पुन्हा पाहावा. मधल्या वेळेत टाकी भरत नसतानाही आकडा पुढे गेला असेल, तर गळती कोठेतरी आहेच. शॉवरची किंवा नळाच्या तोंडावरील जाळी क्षाराने बुजली असेल, तर ती काढून लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने मोकळी होते.

ही कामे आषाढी चौमासीपूर्वीच व्हावीत, यालाही कारण आहे. गळतीने भिंत ओलावते, ओलीवर शेवाळ धरते आणि शेवाळ तर अनंतकाय. एकदा ते उगवले की त्यावर पाऊल ठेवणेही सदोष आणि खरवडणे तर त्याहून सदोष. मोरीचेही तसेच. केसांचा गुंता अडकून सांडपाणी तुंबले की त्यात जीवोत्पत्ती होते. मग घाईघाईने दाहक पावडर किंवा आम्ल ओतले जाते. त्यापेक्षा हातमोजे घालून आठवड्यातून एकदा नहाणी ट्रॅपची जाळी उचलावी आणि गुंता काढून टाकावा. बेसिनखालचा बॉटल ट्रॅपही खाली बादली ठेवून हातानेच उघडता येतो. जीवांची उत्पत्तीच होऊ न देणे हा यतनेचा पहिला अर्थ आहे.

सर्वच कामे घरी करावीत, असे मात्र नाही. गीझर विजेवर चालतो; त्याला आणि त्याच्या सुरक्षा व्हॉल्व्हला जाणकारानेच हात लावावा. भिंतीतील नळ्या, चिकटविलेले प्लास्टिकचे सांधे आणि वरच्या मजल्यावरून झिरपणारे पाणी ही कुशल कारागिराची कामे आहेत. त्याला बोलवावे, तेव्हा त्याच्या कामाचा मान राखावा. घाऊक व्यवहारात लाखांची सूट सहज देणारा माणूस प्लंबरच्या मजुरीत घासाघीस करतो, हे व्यापारी घराला शोभत नाही. ज्याने एकदा स्वतः गुडघ्यावर बसून बेसिनखालचा सांधा आवळला आहे, त्याला त्या श्रमाची किंमत सांगावी लागत नाही.

पाना हातात घेणे हे शेठजींना कमीपणाचे वाटते, हीच खरी अडचण आहे. भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषि, वाणिज्य, विद्या आणि शिल्प अशी सहा कर्मे शिकविली, असे पुराण सांगते. त्यात वाणिज्याच्या बरोबरीने शिल्पालाही स्थान आहे. वही लिहिणारा हात आणि सांधा आवळणारा हात यांत उच्चनीच कोणी ठरविले? मुलांना पाठशाळेत षट्काय जीवांची नावे मुखोद्गत होतात. त्यांच्यापैकी एकाला बॅटरी धरावयास आणि दुसऱ्याला वायसर बसवावयास लावले, तर अप्काय हा शब्द त्यांना पाठ करावा लागणार नाही.

प्रतिक्रमणात ज्या विराधनेची आलोचना आपण करतो, तिच्यापैकी काही विराधना टाळणे आपल्या हातात नसते. ठिबकणारा नळ मात्र आपल्या हातातला आहे. त्याबद्दल क्षमा मागण्यापूर्वी तो बंद झालेला असावा, एवढी अपेक्षा श्रावकाकडून करणे अवाजवी नाही.