औषध की जहर?

शब्दांची कुळे शोधीत बसण्याचा नाद मला शाळेपासूनचा. ‘इन्सेक्टिसाइड’ हा भारदस्त शब्द भेटला, तेव्हा त्याचेही मूळ गाव हुडकले. ते निघाले लॅटिनमध्ये. ‘इन्सेक्टम’ म्हणजे खाचा पाडलेला. मुंगी पाहा ना! डोके, छाती, पोट. जणू कोणी दोन ठिकाणी चिमटे काढून ठेवले आहेत. ॲरिस्टॉटलने ग्रीकमध्ये या जीवांना ‘एंटोमा’ म्हटले होते, त्याचाच हा सरळ तर्जुमा. मागचे ‘साइड’ आले ‘काएदेरे’ या क्रियापदावरून. अर्थ, तोडणे, ठार मारणे. ‘होमिसाइड’ म्हणजे मनुष्यवध. त्याचेही शेपूट हेच.

लॅटिनने काही लपविलेले नाही. आपला ‘कीटकनाशक’ही तितकाच रोखठोक. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी हे दोन्ही शब्द कागदावरच राहतात. मामा सकाळी पंप पाठीवर घेऊन म्हणणार, “कपाशीले औषध मारून येतो.” ओषधी म्हणजे वनस्पती; तिच्यापासून होते ते औषध, रोग बरा करणारे! आणि त्याच गावात “अमक्यानं औषध घेतलं” असे कानी आले, की माणसे हातचे काम टाकून धावत सुटतात. एकाच शब्दाच्या पोटात जीव वाचवणे आणि जीव जाणे, दोन्ही.

2017 च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोचले. कपाशी माणसाएवढी वाढलेली, त्यामुळे फवारा तोंडावर. अंगावर ना हातमोजे, ना मुखवटा. दोन-तीन द्रव्ये एकत्र कालवलेली. शब्दाने माणसे मारली, असे मी म्हणणार नाही. पण औषधाला भितो कोण?

बाटलीवर खूण असते. तांबडा त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवाही निर्विष नव्हे. हे मी मामींना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि घरात एक फर्मान काढले. बाटल्या गोठ्यातल्या पेटीत कुलपाआड, आणि नाव आजपासून ‘जहर’!

“अहो, शब्दानं काय होते?” मामा हसले.

“होते ना,” मामी म्हणाल्या, “जहर म्हटलं का हात आपोआपच हातमोज्याकडे जाते.”