आंबिल ओढ्याच्या काठानं

पुण्यात सहकारनगरात आमची सोसायटी आंबिल ओढ्याकडे पाठ करून उभी आहे. बाल्कन्या सगळ्या रस्त्याच्या अंगाला, मागे पार्किंग आणि सीमाभिंत. भिंतीपलीकडे काय चाललंय याची चौकशी आम्ही फक्त डास वाढले की करायचो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला तुफान पाऊस झाला आणि काही तासांत ओढा पात्र सोडून घराघरांत शिरला. आमच्या पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या, वीज गेली, तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून वर न्यावं लागलं. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत तर भिंत कोसळून माणसं गेली. शहर आणि जिल्हा मिळून त्या रात्री वीसहून अधिक बळी गेले. आमचं नुकसान विम्यानं भरून निघालं. खालच्या वस्तीतल्या लोकांचे संसार वाहून गेले होते.

त्यानंतर आम्ही आसपासची काही मंडळी दर मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, ओढ्याच्या काठानं चालू लागलो. रविवारी पहाटे कात्रजच्या तलावापाशी जमायचं आणि धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, मित्रमंडळ चौक, दांडेकर पूल असं करत नवी पेठेच्या बाजूला ओढा मुठेला मिळतो तिकडे निघायचं. एका दमात सगळं होत नाही. उन्हं चढली की जिथे असू तिथे थांबतो. बरोबर कॉलेजची मुलं असतात, एक निवृत्त इंजिनिअर काका असतात, वस्तीतल्या ताई-मावशी असतात. प्रत्येक पुलाची मोरी बघायची, फोटो काढायचा, वहीत लिहायचं: गाळ किती, राडारोडा कुणी टाकलाय, ड्रेनेजची लाइन पात्रातच कुठे आडवी आलीय, कुठे भराव घालून पात्र अरुंद केलंय.

काकांकडून मला कळलं की हा ओढा आज वाहतो तो त्याचा मूळचा मार्ग नाही. तो पूर्वी आताच्या पेठांच्या भागातून जायचा. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, तो पर्वतीपाशी वळवला गेला. आज जिथे सारसबाग आहे, तिथे तेव्हा तळं होतं. कात्रजला बांध घालून नळानं शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं तेही त्याच काळात. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे ज्या शहराला इतकं नेमकं ठाऊक होतं, त्याच शहरात आम्ही पूररेषेत फ्लॅट घेतले आणि नकाशा बघायलाही मागितला नाही. याचा मला आजही राग येतो.

पण मी सर्वांत जास्त शिकले ते दांडेकर पुलाजवळच्या एका मावशींकडून. आम्ही सगळे ओढ्याकडे बोट दाखवून बोलत होतो, पाणी इथून आलं, तिथून आलं. त्या म्हणाल्या, "ताई, पाणी आधी ओढ्यातनं नाही आलं. आधी घरातल्या मोरीतनं उलटं आलं. चेंबर गुडगुडायला लागलं तेव्हाच मी पोरांना उठवलं. दारातनं आलं ते मग." ओढा भरला की त्याला मिळणाऱ्या लाइनी तुंबतात आणि सांडपाणी घरात मागे फिरतं. काकांनी मान डोलावली. त्या मावशींना हे त्या रात्रीच समजलं होतं आणि तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांच्या त्या बोलण्यावरून आम्ही फोनची साखळी केली. कात्रजला तलावाजवळ राहणारे दोघे जण पावसात सांडव्यावर नजर ठेवतात. सांडवा वाहू लागला की खाली फोन जातो. चेंबर गुडगुडलं की खालचे लोक कुणाच्याही आदेशाची वाट न बघता म्हाताऱ्यांना आणि लेकरांना वर शाळेत नेतात. कधी पाणी येतच नाही, नुसतीच धावपळ होते. तरी एकही जण कुरकुरत नाही.

हे काम एका वर्षापुरतं नाही, याची खात्री आम्हाला पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासानं दिली. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिप्पट झाल्याचं रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलं. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते कधीतरी एकदम उतरतं. खाली मात्र आपण जमीनभर काँक्रीट आणि ब्लॉक्स घालून ठेवलेत.

म्हणून आधी आमच्याच पार्किंगला हात घातला. सर्वसाधारण सभेत भांडणं झाली, दोन घरं अजून आमच्याशी धड बोलत नाहीत. पण मागच्या पट्ट्यातले ब्लॉक्स उखडले, तिथे माती मोकळी केली, गच्चीचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं. मुलांनी भिंतीवर २०१९ च्या पाण्याची उंची निळ्या रंगानं रंगवली. शेजारच्या एका सोसायटीनं ही खूण काढू दिली नाही, फ्लॅटचे भाव पडतील म्हणून. नवीन भाडेकरूला तळमजल्याची खोली देताना पाणी कुठवर येतं हे सांगायचं नाही, हे मला फार चुकीचं वाटतं.

पालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय पुण्यात २००६ पासून आहे. आम्ही वहीतल्या नोंदी जोडून अर्ज भरतो. काही मोऱ्यांचा गाळ निघाला. एका ठिकाणी तो काढून काठावरच ठेवला होता आणि पहिल्याच सरीत परत आत गेला. त्याचे फोटो घेऊन आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा गाडी आली. काठावर उंच भिंती बांधण्याऐवजी जिथे जागा उरलीय तिथे ओढ्याला पसरू द्या, ही आमची मागणी मात्र अजून मान्य झालेली नाही.

यंदाची फेरी वस्तीतल्या बायकांनी ठरवली आहे. ती दांडेकर पुलापासून निघेल आणि उलटी, वर कात्रजकडे जाईल. वरच्या सोसायट्यांतल्या लोकांनी आधी त्यांच्या घरात यावं, चहा घ्यावा, चेंबर बघावं आणि मग चालायला लागावं, असं त्यांचं म्हणणं आहे. आमच्या सोसायटीतून येणाऱ्यांची नावं मी लिहून घेते आहे.