घरचे कागद

"घरचे कागद चव्हाट्यावर कशाला?" असं मी 2004 साली एका अभ्यासकांना तोंडावर सांगितलं होतं. ते कल्याणमधल्या जुन्या घरांतली दप्तरं पाहत हिंडायचे. खाडीच्या अंगाला आमचं जुनं घर होतं. तिथल्या माजघरात लोखंडी पेटीत मोडी कागदांचे चार रुमाल आहेत, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. फक्त फोटो काढू द्या, कागद तुमच्याकडेच राहतील, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

इतिहास छत्रपतींचा, पेशव्यांचा. आमच्या पेटीत देण्याघेण्याची चिटोरी, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. शिवाय लाज होती. पणजोबांनी चैनीपायी घर गहाण टाकलं, असं आमच्याकडे दबक्या आवाजात बोललं जाई. ते गहाणखत बाबांनी पेटीतून काढून डोंबिवलीच्या घरी, विम्याच्या फायलीत ठेवलं होतं. मोडी त्यांनाही येत नव्हती आणि मलाही.

मग 26 जुलै 2005 चा पाऊस आला. उल्हास नदीचं पाणी खाडीकाठी चढलं आणि आमचं माजघर बुडालं. तिसऱ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा रुमालांचा लगदा झाला होता. बोरूने, काजळीच्या शाईने लिहिलेल्या ओळी विरघळून कापडात उतरल्या होत्या. एकेक पान सोडवायला गेले की कागदाचे पापुद्रे सुटून बोटांना चिकटत. वर्तमानपत्रं पसरून, पंखा लावून दोन दिवस झटले. चार रुमालांतली अकरा पानं वाचली. त्या माणसाला आत घेतलं असतं तर निदान सगळ्यांचे फोटो तरी राहिले असते. हे मी कितीतरी वर्षं कुणाजवळ बोलले नाही.

बाबा 2011 साली गेले. त्यानंतर मी ठाण्यात मोडी शिकायला लागले. आधी शिरोरेघ सलग ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. हात बसायला वर्ष लागलं. मग फायलीतलं ते गहाणखत काढलं. वर राणीच्या छापाचा स्टँप, खाली शके 1819, माघ महिना. शकात 78 मिळवले की इसवी सन निघतो. पण माघ म्हणजे वर्ष उलटलेलं, म्हणून 1898. रक्कम दीडशे रुपये. कारण लिहिलं होतं: दुखण्यामुळे घर सोडून गावाबाहेर झोपडी बांधणे आणि कुटुंबाचा औषधोपचार.

मुंबईत 1896 साली प्लेग आला आणि पुढे ठाणे जिल्ह्यात पसरला. पणजोबांनी चैन केली नव्हती. बायकोला वाचवायला कर्ज काढलं होतं. तिचं नाव कागदात आहे, आमच्या वंशावळीत नाही. तिथे त्यांची दुसरी बायको तेवढी आहे. बाबा मात्र आजोबांची लाज मनात ठेवूनच गेले.

मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसू लागले. 1893 साली सुरू झालेली ही संस्था. विनायक लक्ष्मण भावे तिच्या संस्थापकांपैकी. जुन्या कवींची हस्तलिखितं मिळवून 'महाराष्ट्र कवी' मासिकातून छापणारे ते हेच भावे. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर 1882 चं, प्लेगच्या आधीचं. त्यात आमच्या झोपडीची गोष्ट असणं शक्यच नव्हतं. इतिहाससंशोधक राजवाडे दारोदार फिरून दप्तरं मागायचे, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' 1898 पासून छापायचे. आमचं गहाणखत त्याच साली लिहिलं गेलं. त्यांना दारातून परत पाठवणाऱ्या घरांबद्दल पूर्वी वाचलं की मला त्या घरांचा राग यायचा.

गेल्या वर्षी मी त्या अभ्यासकांकडे गेले. आता ते थकलेत. मी माफी मागितली. त्यांनी हात धुऊन, पुसून अकरा पानं आणि गहाणखत एकेक करून उजेडाकडे धरलं. कागद संग्रहाला द्यायचा अर्ज त्यांच्याच टेबलावर भरला. विषयाच्या रकान्यात मी 'प्लेग, कल्याण' लिहिलं. व्यक्तींच्या नावांपुढे पणजोबांचं नाव घातलं, आणि त्यांच्या आधी तिचं.