मोजून घेण्यात भय कसले?

आपल्या जुन्या माणसांना डोकी मोजलेली आवडत नसत. घरात मुले किती, असे कोणी विचारले तर आजी आकडा सांगत नसे. ‘देवाने दिली आहेत तेवढी’ म्हणून मोकळी होई. मशिदीत मिन्यान पुरा झाला की नाही हे पाहतानाही एक, दोन, तीन असे बोट दाखवून कोणी मोजीत नसे. यात नजर लागण्याचे भय होते हे खरे, परंतु त्याचे मूळ तोरातच आहे. इस्राएलाची गणती करताना प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यावा, म्हणजे गणतीमुळे त्यांच्यात मरी येणार नाही, अशी आज्ञा शमोतच्या तिसाव्या अध्यायात आहे. पुढे दावीद राजाने योआबाकडून शिरगणती करविली आणि मरी पडून सत्तर हजार माणसे मेली, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे.

जन्म रुग्णसेवेत गेल्यामुळे या आज्ञेचा एक निराळा अर्थ आमच्या मनात ठसला आहे. तोराने मोजण्यास बंदी केलेली नाही. आपल्या बळाच्या गर्वासाठी माणसे मोजणे वेगळे आणि प्रत्येकाने काही देऊन सर्वांच्या कल्याणासाठी मोजले जाणे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या मोजणीने मरी येत नाही. उलट ती मरी थोपविते. याचे दाखले आपल्या मुंबईतच आहेत.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओदेसाचे ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी राजीखुशीने पुढे आले त्यांना ती टोचली. टोचलेले किती आजारी पडले व न टोचलेले किती, याचा हिशेब ठेवला म्हणूनच लोकांना लशीचा गुण पटवून देता आला. परळची हाफकिन संस्था आजही त्यांचे नाव चालवीत आहे.

दुसरा दाखला तर आपल्या घरचाच. डॉ. जेरुशा झिराड हे नाव कोणत्या बेने इस्राएल घराला ठाऊक नाही? १९२८ ते १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा हॉस्पिटलचा कारभार त्यांनी पाहिला. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु त्यांचे एक काम फारसे कोणी सांगत नाही. बाळंतपणात बाई दगावली की नशिबाला बोल लावून गप्प बसण्याचा तो काळ. त्या काळात, १९३७-३८ च्या सुमारास, डॉ. झिराड यांनी मुंबई शहरातील मातांच्या मृत्यूंची पद्धतशीर चौकशी केली. कोणती माता गेली, कशाने गेली, काय केले असते तर वाचली असती, हे त्यांनी धुंडाळले. त्याचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मरणाची कोणी मोजदाद करीत नाही, ते मरण कोणी थांबवीतही नाही, हा धडा त्या बाईंनी आपल्याला घालून दिला आहे.

आता प्लेग गेला, बाळंतपणाचे भयही पुष्कळ ओसरले. आज आपल्या लोकांच्या घरात शिरलेला रोग आवाज न करता येतो. त्याचे नाव मधुमेह. या रोगाचा आणि देशांतराचा संबंध प्रथम ज्यांच्यावरून स्पष्ट झाला तेही आपलेच बांधव होते. १९४९-५० साली येमेनचे ज्यू विमानांनी इस्राएलला आणले गेले. जेरुसलेमचे डॉ. ए. एम. कोहेन यांनी त्यांची तपासणी केली, तेव्हा नव्याने आलेल्यांत मधुमेह जवळजवळ नव्हताच. परंतु जे येमेनी पंचवीस वर्षांपूर्वी किंवा त्याहून आधी येऊन स्थायिक झाले होते, त्यांच्यात तो शेकडा तीनच्या घरात पोचला होता. रक्त तेच, वंश तोच. बदलले होते ते ताट आणि दिनक्रम. येमेनमध्ये साखर त्यांच्या खाण्यात नावालाच होती. १९६१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. आम्हांला वाटते, देश बदललेल्या प्रत्येक कुटुंबाने ते एकदा तरी ऐकावे.

आपणही देश बदललेली माणसे. कोकणात आपले पूर्वज शनिवार तेली म्हणून ओळखले जात. घाणा चालविणे, तेलाचे डबे घेऊन गावोगाव फिरणे, शेताची कामे करणे, यात अन्न जिरत असे. पुढे मुंबईत कचेऱ्या, रेल्वे, गिरण्या, इस्पितळे आली. तरी ट्राम-लोकलसाठी चालणे होतेच. आणि आता आम्ही राहतो ते टार्निट पाहा. मेलबर्नच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, काल-परवापर्यंत मोकळी शेतजमीन असलेले हे उपनगर. २०१५ साली रेल्वे स्टेशन झाले आणि घरे भराभर उभी राहिली. रस्त्यात पंजाबी, हिंदी, तेलुगू सर्व कानी पडते. वाण्याच्या दुकानात पोहे, गूळ, ओले खोबरे, सर्व मिळते. मिळत नाही ते चालण्याचे निमित्त. दूध आणायचे तर मोटार, मूल शाळेत सोडायचे तर मोटार. ज्यूंची मुख्य वस्ती आणि बहुतेक सिनेगॉग शहराच्या दुसऱ्या टोकाला, कॉलफील्ड आणि सेंट किल्डाच्या बाजूला. तिकडचे लोक शब्बाथला पायी तफिल्लाला जातात. आमच्या नशिबी तेवढेही चालणे नाही. तरुण मंडळी गोदामात रात्रपाळी करतात, ट्रक चालवितात, नाही तर दिवसभर संगणकापुढे बसतात, आणि अवेळी जेवतात.

यावर पुष्कळांचे म्हणणे असे, की आम्ही कुठे लठ्ठ आहोत? याच प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी शोधले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची गरोदरपणापासून पाहणी केली. जन्मलेल्या बाळांची वजने, मापे घेतली आणि ती इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपले बाळ सरासरी २.७ किलोचे, तिकडचे ३.५ किलोचे. हातपाय बारीक, स्नायू कमी. परंतु कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने मुळीच कमी नव्हती. म्हणजे दिसायला रोड, आतून मेदाचे. मोठेपणीही हाच प्रकार. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी आपली दोघांचीच तुलना छापली. उंची-वजनाच्या गणिताने दोघे अगदी सारखे, दोघांचाही आकडा २२.३. परंतु अंगातील चरबी युडकिनसाहेबांची शेकडा ९.१ आणि आपल्या याज्ञिकांची शेकडा २१.२! म्हणून काटा काय सांगतो यावर आपल्या लोकांनी विसंबू नये. चरबी पोटात साठते आणि पोट टेपने कळते.

आमचे थोरले दीर असेच काटकुळे. लग्नातला कोट त्यांना पन्नाशीतही बसत असे आणि याचा त्यांना अभिमान होता. इस्राएलला भेटायला गेलो की आम्ही रक्त तपासून घ्या म्हणावे आणि त्यांनी हसून म्हणावे, ‘वहिनी, मी गोड खात नाही, जाडा नाही, मला कशाला पाहिजे तपासणी? उगाच नसलेले दुखणे काढायचे.’ चौपन्नाव्या वर्षी नव्या चपलेने पायाला फोड आला. दुखला नाही, म्हणून पाहिला नाही. महिनाभर भरेना तेव्हा डॉक्टरकडे गेले. साखर कित्येक वर्षे वाढलेली असावी; पायाची संवेदना गेली होती, म्हणून दुखत नव्हते. अंगठा काढावा लागला. आज ते काठी घेऊन चालतात, औषधे नेमाने घेतात आणि भेटेल त्याला मोजे काढून पाय दाखवितात. भावोजींच्या त्या पायाने आमच्या घराण्यातील सात-आठ जणांना तपासणीला धाडले. आमच्या बोलण्याने इतक्या वर्षांत एकालाही धाडता आले नव्हते.

‘नसलेले दुखणे काढू नये’ ही समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. मुलीच्या लग्नाच्या वेळी तर वडिलांचा मधुमेह झाकून ठेवतात. कोणाला दोष द्यावा म्हणून आम्ही हे लिहीत नाही; न मोजण्यात सुख आहे असे वाटणे मनुष्यस्वभावच आहे. परंतु फोड न पाहिल्याने बरा होत नाही.

ऑस्ट्रेलियात या कामासाठी एक साधी प्रश्नावली आहे. तिला ऑसड्रिस्क म्हणतात. १९९९-२००० मध्ये अकरा हजारांवर प्रौढांची देशभर तपासणी झाली, पाच वर्षांनी त्यांना पुन्हा तपासले आणि कोणाला मधुमेह झाला यावरून ही प्रश्नावली रचली. घरी बसून, सुई न टोचता भरता येते. वयाचे गुण, पुरुष असल्यास ३, आईवडील किंवा भावंडांस मधुमेह असल्यास ३, रक्तदाबाचे औषध चालू असल्यास २, धूम्रपानाचे २, आठवड्यात अडीच तास व्यायाम नसल्यास २. आणि ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की हिंदुस्थानात जन्म झाला असल्यास त्याचेच २ गुण! कमरेचे मापही आपल्यासाठी निराळे. इतर स्त्रियांची कंबर ८८ सेंटिमीटरपर्यंत चालते, आपली ८० पासूनच गुण धरू लागते; इतर पुरुषांना १०२ पर्यंत सवलत, आपल्यांना ९० पर्यंतच.

उदाहरणच घेऊ. चाळिशीचा एक तरुण, मुंबईत जन्मलेला, वडिलांना मधुमेह, कंबर ९४, व्यायाम नाही. विडी-सिगारेट मात्र ओढत नाही आणि भाजी रोज खातो. वयाचे २, पुरुष म्हणून ३, जन्माचे २, वडिलांचे ३, कमरेचे ४, व्यायामाचे २, एकूण १६. बारा झाले की धोका मोठा समजतात. १६ ते १९ गुणांच्या दर सात माणसांपैकी एकाला पाच वर्षांत मधुमेह होतो. वीस झाले तर दर तिघांपैकी एकाला. आमच्या वयाच्या बाईचे तर वय, जन्म आणि थोडे सुटलेले पोट एवढ्यानेच बारा-चौदा गुण होतात. असे गुण आले म्हणजे रोग झाला असे नव्हे. डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासावे, एवढाच त्याचा अर्थ.

तपासून करायचे काय, हा पुढचा प्रश्न. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी ज्यांची साखर वाढू लागली होती पण मधुमेह झाला नव्हता अशा ५३१ लोकांवर तीन वर्षे प्रयोग केला. २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ साधारण सल्ला दिला, त्यांच्यापैकी शंभरांत ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्याकडून रोज अर्धा तास झपाट्याने चालणे आणि खाण्यातील बदल पाळून घेतला, त्यांच्यात शंभरांत ३९ जणांना. म्हणजे शंभरांमागे सोळा माणसे निव्वळ चालण्या-जेवण्याने त्या मुदतीत वाचली. आणि ही माणसे आपल्यासारखीच भात खाणारी होती.

सण बुडवा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. एलियाहू हन्नाबीचा मलिदा घ्यावा, रोश हशानाला चिकाचा हलवाही खावा. परंतु हलव्याची वडी एक असते, ताटभर नसते. मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध आपण पिढ्यान्पिढ्या घालतो, ते घालावे. त्यासोबतचा भाताचा ढीग मात्र कमी करावा. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीचे, पाव ताट भाताचे किंवा चपातीचे, पाव ताट डाळीचे, मासळीचे, हा हिशेब सोपा आहे. गरोदर सुनांनी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यानची साखरेची तपासणी टाळू नये. ती आईइतकीच बाळाचीही राखण आहे. आणि जे इन्सुलिन किंवा गोळ्या घेतात, त्यांनी योम किप्पूरचा उपास धरण्यापूर्वी डॉक्टरांना आणि राबींना विचारावे. पिकुआह नेफेश, म्हणजे जीव वाचविणे, हे आपल्या धर्मात उपासाहून थोर आहे.

येथे टार्निटला आम्ही चार-पाच जणी संध्याकाळी तळ्याकाठी चालतो. एक नांदेडची, एक लुधियानाची, एक हैदराबादची. बोलणे तोडक्यामोडक्या हिंदीत. प्रत्येकीने आपल्या घरातील मोठ्यांची कंबर टेपने मोजून आणायची, असे गेल्या महिन्यात ठरले. दोघींच्या यजमानांनी पहिल्यांदा टेप बघून पळ काढला. एक आता डॉक्टरकडे जाऊन आले आहेत.

वाचक बंधुभगिनींनो, आपण लोद, अश्दोद, दिमोना, मुंबई, ठाणे, सिडनी, कोठेही असा. शिवणाच्या डब्यात टेप असेलच. उभे राहून, पोट आत न ओढता, बेंबीच्या पातळीवर ती गुंडाळा. स्त्रियांची ८०, पुरुषांची ९०, हे दोन आकडे लक्षात ठेवा. अधिक भरले तर रक्त तपासून घ्या आणि भावंडांनाही कळवा, कारण तुमचा धोका तोच त्यांचाही. आपला समाज मुळात लहान, आणि आता तर जगभर विखुरलेला. त्यातला एकेक माणूस आपल्याला पाहिजे आहे.