आधी मिशन, मग मजा

हल्ली कुठलाही मोबाईल गेम उघडा, खेळाआधी हिशेबच सुरू होतो. आज लॉगिन केलंत म्हणून एवढी नाणी, सात दिवस केलंत की एक पेटी. पुढच्या बक्षिसाची आशा लावली की माणूस जास्त वेळ थांबतो, हे खरं. पण तो रमतो का? मला दाट शंका आहे.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा एक प्रयोग आहे. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली ३ ते ५ वर्षांची पोरं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले, तर आधी सांगितलेली पोरं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत!

मारिओ आठवतोय ना? कुठेतरी उगाच उडी मारावी, डोकं न दिसणाऱ्या विटेवर आपटावं आणि हिरवं मशरूम बाहेर पडावं. बोनस लाईफ! त्याची वाट कोणी बघत नव्हतं, म्हणून तर आम्ही ओरडायचो. उद्या हा बॉस हरवीनच म्हणून झोप न लागणं वेगळं. ती आशा खेळाच्या आतलीच. लॉगिनची पेटी बाहेरून बांधलेली असते.

गेल्या दिवाळीत कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्याला, मावशीकडे होतो. रात्री साडेअकराला तिचा नातू जांभया देत बीजीएमआय खेळत होता.

"झोप की आता."

"दोनच मिशन राहिलेत काका. आज नाही केले तर जातेत."

"मजा येतीय का पण?"

"मजा नंतर. आधी मिशन."

शेवटी पेटी उघडली. आत शर्ट. "असाच एक आहे माझ्याकडं," म्हणाला आणि झोपला. च्यायला, ही तर रोजंदारी झाली, आणि तीही बिनपगारी!

मावसाजींची हळद तेव्हा शेतात कमरेएवढी उभी होती. जूनमध्ये लावलेली, काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश होऊन वसमतच्या बाजारात जायला मार्च-एप्रिल उजाडणार. एवढी वाट तेही बघतात, पण त्याला खेळ म्हणत नाहीत. त्यांना मी २००९ मध्ये आलेल्या फार्मव्हिलबद्दल सांगितलं. कॉम्प्युटरवरची शेती, स्ट्रॉबेरी चार तासांत तयार, वेळेत तोडली नाही तर सुकून जायची, म्हणून आमच्या ऑफिसातले लोक मीटिंगमधून उठून जायचे.

मावसाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् इकायची कुठं?"