वॉर्सा येथील ‘वीज’

कोल्हापुराजवळील वळिवडें येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. आमच्या मातोश्रींनीं लहानपणीं ती पाहिली होती. त्यामुळें पोलंड हें नांव आम्हांस बाळपणापासून परिचयाचें. चिरंजीवांबरोबर युरोपांत जाण्याचा योग आला, तेव्हां वॉर्सा पाहिल्यावांचून परतावयाचें नाहीं, असा आम्हीं हट्टच धरला.

तेथें ट्रामगाड्यांस वीज पुरविणाऱ्या जुन्या कारखान्याच्या इमारतींत १९४४ च्या उठावाचें संग्रहालय आहे. तें २००४ सालीं उघडलें. त्यांत आम्हीं ‘ब्विस्कावित्सा’, म्हणजे ‘वीज’, या नांवाची बंदूक पाहिली. दिसावयास ओबडधोबड, परंतु तिची जन्मकथा ऐकून आमचें पाऊल पुढें पडेना.

जर्मन अमलाखालीं असतांना झाव्रोत्नी व विएलानिएर या दोन अभियंत्यांनीं १९४२-४३ च्या सुमारास तिची आखणी केली. आंतील रचना ब्रिटिश ‘स्टेन’ बंदुकीची, बाह्य रूप जर्मन बंदुकीचें. सुटे भाग डाग देऊन सांधावयाचे तर कसबी कारागीर हवेत. म्हणून आटे पाडून व स्क्रू पिळून ते जोडण्याची युक्ति त्यांनीं काढली. हे भाग शहरांतील निरनिराळ्या कारखान्यांत घडत. आपण काय घडवीत आहों हें पुष्कळ कामगारांस ठाऊक नसे. जोडणी तारांच्या जाळ्या करणाऱ्या एका कारखान्यांत गुप्तपणें होई. अशा सुमारें ७०० बंदुका तयार झाल्या.

सहा कानीं गेलेली मसलत फुटते, असें आमचे नीतिकार सांगतात. येथें तर ती शेंकडों हातांतून गेली. पण प्रत्येकाच्या वांट्यास जणुं एकच अक्षर आलें, संपूर्ण वाक्य फारच थोड्यांस ठाऊक!

१ ऑगस्ट १९४४ रोजीं उठाव झाला व ६३ दिवसांनीं तो मोडला. दीड ते दोन लक्ष नागरिक प्राणांस मुकले. पुढें शत्रूनें उरलेलें शहरहि बहुतांशीं जमीनदोस्त केलें. ‘वीज’ वॉर्सा वांचवूं शकली नाहीं.

जन्मभर आम्हीं मुलांस शिकविलें कीं, ‘कां?’ असें विचारल्यावांचून कोणतेंहि काम करूं नये. त्या कपाटापुढें मात्र वाटलें, हातांतील स्क्रू कशासाठीं हें न विचारतां तो चोख घडविणारा कामगार आमच्या वर्गांत असता, तर आम्हीं त्यास मंदबुद्धीच ठरविलें असतें.