अठ्ठावीस

दंतकथेला नेमका आकडा फार आवडतो. ‘पुष्कळ लढले’ म्हटले की ऐकणारा जांभई देतो. ‘अठ्ठावीस लढले’ म्हटले की सावरून बसतो. आमच्या आजीच्या गोष्टीतल्या राजालाही सातच मुलगे असायचे. सहा नाहीत की आठ नाहीत.

पानफिलोवच्या अठ्ठावीस वीरांची कथा अशीच. १६ नोव्हेंबर १९४१. जर्मन रणगाडे मॉस्कोच्या रोखाने निघालेले. दुबोसेकोवो नावाच्या लहानशा रेल्वे थांब्यापाशी जनरल पानफिलोव यांच्या डिव्हिजनमधल्या २८ शिपायांनी १८ रणगाडे मोडले आणि सगळेच्या सगळे धारातीर्थी पडले. ‘क्रास्नाया झ्वेज्दा’ या लष्करी वर्तमानपत्राने हे छापले. १९४२ मध्ये सगळ्यांना ‘सोव्हिएत संघाचे वीर’ हा किताब मरणोत्तर मिळाला. त्या नोव्हेंबरात मॉस्कोकरांना असे काही वाचायला हवेच होते. त्याबद्दल संपादकाला बोल लावावा असे मला वाटत नाही.

पुढे १९४८ मध्ये लष्करी वकिलांनी गुपचूप चौकशी केली. तिचा अहवाल लोकांसमोर आला तो कित्येक वर्षांनी! त्यात या आकड्याची जन्मकथा आहे. बातमीदार संपादकाला म्हणाला होता, कंपनीत तीसचाळीस माणसे असतील, त्यांतले दोघे फितूर झाले. तिसातून दोन गेले, राहिले अठ्ठावीस. किराणा दुकानातही याहून जपून हिशेब करतात.

पण मला चटका लावते ती रेजिमेंटचा कमांडर काप्रोव याची जबानी. अठ्ठावीस जणांची अशी लढाई झालीच नाही, असे तो म्हणाला. त्या दिवशी सबंध चौथी कंपनी लढली, आणि तिच्यातले शंभरावर मेले. कथा शौर्य फुगवते म्हणतात; इथे तर तिने मेलेलेच कमी केले! बाकीच्या सत्तरांहून अधिक जणांच्या आयांनी आपल्या पोराचे नाव कुठे शोधायचे?

त्याहून मोठी अडचण म्हणजे काही जण जिवंत निघाले. गेलेला माणूस दारात उभा राहिला तर घरचे आधी घाबरतील, मग गळ्यात पडतील. सरकारचे तसे नसते. दानियल कोझुबेर्गेनोव हयात आहे असे कळताच त्याला पकडण्यात आले. आपण त्या लढाईत नव्हतोच, असे त्याच्याकडून लिहून घेतले आणि यादीत त्याच्या जागी जवळजवळ त्याच आडनावाचा अस्कर नावाचा शिपाई घातला. हा अस्कर डिव्हिजनमध्ये दाखल झाला जानेवारी १९४२ मध्ये. तोवर दुबोसेकोवोची लढाई होऊन दीडएक महिना उलटला होता.